आजारपणाचा दिवस कोणाच्या खाती?

लखनऊच्या चौक भागात, गोल दरवाजाच्या आसपास, चिकनच्या कपड्यांची दुकाने पाहत हिंडणे हा एक आनंदच आहे. तलम कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली वेलबुट्टी, तांदळाच्या दाण्यासारखी उठून दिसणारी ‘मुर्री’, बाजरीच्या दाण्याएवढा ‘फंदा’ हे सारे पाहता पाहता डोळे निवतात. परंतु हा नाजूक माल तयार कोठे होतो, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. कापड एकीकडे बेतले जाते, दुसरीकडे लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापली जाते, मग भरतकामासाठी ते गल्लीबोळांतून आणि आसपासच्या खेड्यांतून घरोघरी फिरते, आणि अखेरीस धोब्याकडे जाऊन छापाचा रंग उतरवून दुकानात येते. भरतकाम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना, आणि मजुरी मिळते ती नगावर.

आता वाचकहो, अशी कल्पना करा की, याच शहरात एकाच गल्लीत दोन घरे आहेत आणि दोन्ही घरांत एकाच दिवशी ताप शिरला आहे. एका घरातील गृहस्थ सरकारी कचेरीत नोकर आहेत. ते डॉक्टरांचा दाखला पाठवून देतात, आठ दिवस अंथरुणावर पडून राहतात आणि महिन्याच्या अखेरीस त्यांचा पगार घरी येतो. दुसऱ्या घरात चिकनचे काम करणारी बाई आहे. तिच्याही हातून आठ दिवस सुई धरवत नाही. तिला मात्र आठ दिवसांची मजुरी मिळत नाही; वर औषधाचे पैसे उसने काढावे लागतात. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपण म्हणतो. हातावर पोट असणाऱ्याच्या घरातून आजार निघून गेल्यावरही कर्ज मागे राहते.

ताप एकच, मग एका घराला आधार आणि दुसऱ्याला भार, असे का व्हावे? आजारपणाची पगारी रजा ही मालकाच्या दयेची गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. तशी ती नाही. आजाराचा दिवस हा कोणाच्या तरी खाती पडतोच. तो एकट्या आजाऱ्याच्या खाती पडू द्यावयाचा, की मालक, कामगार आणि समाज यांनी तो वाटून घ्यावयाचा, एवढाच खरा प्रश्न असतो. ज्या ज्या शहरात हा नियम आला, तेथे तो हा हिशेब कोणीतरी उघडपणे मांडल्यावरच आला. आपल्या देशात या हिशेबाचा आरंभ कसा झाला, आणि त्यात लखनऊ व कानपूर यांचा वाटा कोणता, हे आज पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे नगरपालिका वा महानगरपालिका स्वतःच्या नोकरांना रजा देऊ शकते. पण शहरातील प्रत्येक गिरणीमालकाने वा दुकानदाराने रजा द्यावी, असा कायदा करण्याचा अधिकार तिला नाही. कामगारांविषयीचे कायदे संसद आणि राज्यांची विधिमंडळे करतात. म्हणून लखनऊच्या कामगाराचे भवितव्य नगरपालिकेच्या कचेरीपेक्षा त्याच शहरात असलेल्या विधानभवनात आणि दूर दिल्लीत ठरत आले आहे.

या प्रश्नाचा पहिला गलबला मात्र मुंबईच्या गिरणगावात ऐकू आला. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे, गिरणीत कापसाची धूळ आणि दमट हवा. अशा ठिकाणी आजार पाहुणा म्हणून येत नसे, तो बिऱ्हाडच करी. आणि खाडा झाला की पगार गेला, हे ठरलेलेच. १९२७ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आजारपणाच्या विम्यासंबंधी करार केले. भारत सरकारने ते स्वीकारले नाहीत. १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजूर प्रश्नाविषयी शाही आयोग नेमला गेला. त्यात आपले ना. म. जोशी सभासद होते. ज्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून चाळींतून सेवेचे काम उभे केले, त्यांना आजारी कामगाराच्या घराची कळा पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. आजारांची आकडेवारी गोळा करावी आणि विम्याची योजना आखण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असे त्यात सांगितले. पण खर्च मोठा, डॉक्टर थोडे, कामगार आज शहरात तर उद्या गावी, अशा अडचणी पुढे आल्या आणि प्रश्न बाजूला पडला. १९४० साली मुंबईच्या कापड कामगार चौकशी समितीनेही आजारपणाच्या विम्याची शिफारस केली. तोवर युद्ध सुरू झाले होते.

आश्चर्य असे की, या प्रश्नाला गती मिळाली ती त्या युद्धाच्याच काळात. १९४२ ते १९४६ या वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. मार्च १९४३ मध्ये प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल सादर केला. सर्वच उद्योगांना एकदम हात न घालता कापड, यंत्रकाम आणि खनिजे व धातू या तीन उद्योगांपासून आरंभ करावा, मालक आणि कामगार या दोघांनीही वर्गणी द्यावी, आणि त्या निधीतून आजारी कामगारास पैसा व औषधोपचार दोन्ही मिळावेत, असा त्याचा सारांश होता. इंग्लंडातील सामाजिक सुरक्षेची आखणी करणारे बेव्हरिज तेव्हा जगभर गाजत होते; कामगार पुढारी बगाराम तुळपुळे यांनी आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणून गौरविले. कल्पना जगाला नवी नव्हती. जर्मनीत १८८३ साली आणि इंग्लंडात १९११ साली असे कायदे झालेच होते. आपल्या देशातील कामगारासही ते परवडेल, हे आकड्यांनी दाखवून देणे हे आडारकरांचे खरे काम होय.

आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीच्या स्टॅक आणि राव या दोन तज्ज्ञांनी ही योजना तपासली, बाळंतपण आणि कामावरील अपघात यांचाही तीत समावेश सुचविला, आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. जगजीवनराम तेव्हा मजूरमंत्री होते. योजनेच्या महामंडळाचे पहिले महासंचालक म्हणून डॉ. चुनीलाल कटियाल यांची निवड झाली. हे डॉक्टर लंडनमधील फिन्सबरी या विभागाचे १९३८ साली महापौर झाले होते, आणि तेथील नगरमंडळाने उभारलेल्या प्रसिद्ध आरोग्यकेंद्रामागे त्यांचेच परिश्रम होते. १९३१ साली महात्मा गांधी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती त्यांच्याच घरी. गरीब वस्तीतील आजाराशी नगरशासनाने कसे झुंजावे, याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस या कामास लाभला.

कायदा झाला, पण रजा मिळेना! १९४८ मागे पडले, १९४९ गेले, १९५० गेले. अडले कोठे? वाचकहो, येथेच या सर्व कथेचे मर्म आहे. योजना सर्व देशात एकाच दिवशी सुरू करणे शक्य नव्हते. दवाखाने आणि डॉक्टर हवेत ना? ती एखाद्या शहरापासून सुरू करावयाची ठरली. तेव्हा त्या शहरांतील मालक विचारू लागले, “आमच्या गिरणीने वर्गणी भरायची आणि शेजारच्या गावातील गिरणीने भरायची नाही, तर आमचा माल महाग होणार आणि बाजार त्यांच्या हाती जाणार. हा न्याय कोणता?” प्रश्न अगदीच स्वार्थाचा होता असे म्हणता येणार नाही. पहिले पाऊल टाकणाऱ्यालाच काटा बोचावा, तर पहिले पाऊल टाकणार कोण? अखेर १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून तोडगा काढण्यात आला. ज्या भागात योजना सुरू होईल तेथील मालकांनी मजुरीच्या रकमेवर सव्वा टक्का द्यावा, आणि जेथे ती अद्याप पोहोचलेली नाही तेथील मालकांनीही पाऊण टक्का द्यावा, असे ठरले. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, ही शिकवण आपण ऐकत आलो आहोत. येथे एका शहराचे ओझे साऱ्या देशाने वाटून घेतले. ज्या दिवशी हे वाटप ठरले, त्या दिवशी कायद्याच्या कागदात प्राण आला.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. सत्तर हजारांच्या समुदायापुढे पंडितजी हिंदीत बोलले आणि स्वतः पहिले सन्माननीय विमाधारक झाले. दोन्ही शहरांतील मिळून सुमारे १,२०,००० कामगार त्या दिवशी विम्याच्या छत्राखाली आले. व्यासपीठावर मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत आणि लखनऊचे चंद्रभानु गुप्त हेही होते, आणि ती उपस्थिती केवळ शोभेची नव्हती. कारण या योजनेत पैशाचा व्यवहार महामंडळाकडे असला, तरी डॉक्टर आणि दवाखाने पुरविण्याचे काम राज्य सरकारने करावयाचे होते. कानपूरच्या कामगाराचा ताप खरा की खोटा, हे ठरवून दाखला देणारा डॉक्टर नेमण्याची व्यवस्था लखनऊच्या सचिवालयाला करावी लागली. रजेचा नियम कागदावर लिहिणे सोपे. त्यामागे दवाखाना उभा करणे कठीण. तो उभा झाला, म्हणून नियम टिकला. जुलै १९५४ मध्ये नागपूर आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मुंबई या शहरांत योजना आली. पुढे लखनऊलाही तिचा लाभ मिळाला. तेथील सरोजिनीनगर भागात आज विमा कामगारांचे रुग्णालय आहे.

आरंभी लाभ बेताचा होता. दरमहा ४०० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या, बारमाही कारखान्यांतील कामगारांनाच तो मिळे. वर्षातून ५६ दिवसांपर्यंत, सुमारे अर्ध्या मजुरीइतका. हळूहळू हात सैल झाला. वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू लागली. क्षयासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मदतीची सोय झाली. जानेवारी २०१७ मध्ये वेतनाची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली, आणि जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पाऊण टक्का व मालकाची सव्वातीन टक्के ठरली. म्हणजे महिना २०,००० रुपये मिळविणारा कामगार १५० रुपये भरतो आणि त्याच्या नावे मालक ६५० रुपये भरतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की, कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढून टाकता येणार नाही, असे मूळ कायद्याच्या ७३ व्या कलमात लिहिले होते. पैशाइतकाच हा आधार मोलाचा आहे. परत गेल्यावर आपली जागा असेल, हा विश्वास नसेल तर माणूस तापातही कामावर जातो.

कारखान्याबाहेरच्या नोकरांचे काय? दुकानांत आणि पेढ्यांवर काम करणाऱ्यांसाठी उत्तर प्रदेशाच्या विधिमंडळाने लखनऊत १९६२ साली दुकाने व व्यापारी संस्थांविषयीचा कायदा केला. चंद्रभानु गुप्त तेव्हा मुख्यमंत्री होते. सहा महिने सलग नोकरी झालेल्या नोकराला वर्षाला १५ दिवसांपर्यंत आजारपणाची वेगळी रजा मिळावी, अशी तरतूद त्यात झाली. हजरतगंज किंवा अमीनाबाद येथील दुकानात दिवसभर उभे राहून कापड उलगडून दाखविणाऱ्या नोकराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

जो प्रश्न कानपूरच्या मालकांनी विचारला, तोच पुढे सातासमुद्रापलीकडेही ऐकू आला. अमेरिकेत खाजगी नोकरांना आजारपणाची पगारी रजा दिलीच पाहिजे, असा सर्व देशाला लागू असणारा कायदा नाही. तेथे काही शहरांनाच हे काम अंगावर घ्यावे लागले. सॅन फ्रान्सिस्को शहरातील मतदारांनी ७ नोव्हेंबर २००६ रोजी मतदान करून असा नियम केला, आणि तो फेब्रुवारी २००७ पासून अमलात आला. दर ३० तासांच्या कामामागे एक तासाची रजा साठावी, असा त्याचा साधा हिशेब होता. फिलाडेल्फिया शहराच्या नगरमंडळाने असाच ठराव २०११ आणि २०१३ या दोन्ही वर्षी केला. महापौरांनी तो दोन्ही वेळा नाकारला. व्यापारावर भार पडेल, हीच भीती तेथेही होती. तिसऱ्या प्रयत्नात, २०१५ साली, नियम झाला. तेथील लोकांना पटलेले एक कारण आपणही ध्यानात घेण्याजोगे आहे. खाणावळीत वाढणारा माणूस तापाने फणफणत असताना केवळ मजुरी बुडू नये म्हणून कामावर आला, तर तो ताप गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पोहोचतो. २०२० च्या महामारीने हा धडा साऱ्या जगाला पुन्हा एकदा कठोरपणे शिकविला. आजाऱ्याला घरी राहू देणे हे शेजाऱ्याच्याही हिताचे आहे.

आता पुन्हा चौकातील त्या गल्लीत येऊ. एवढी वाटचाल झाली, तरी चिकनवर सुई चालविणाऱ्या बाईच्या खाती आजारपणाचा एकही दिवस जमा झालेला नाही. कारण उघड आहे. या सर्व व्यवस्थेला एक मालक लागतो, एक हजेरीपट लागतो. तिच्या हातचे कापड दलालाच्या हातून येते आणि दलालाच्याच हाती जाते. तिचा मालक कोण, हेच सांगता येत नाही. १९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. असंघटित कामगारांसाठी योजना करण्याची वाट तीत ठेवली आहे. परंतु आजाराच्या दिवसाची मजुरी मागण्याचा हक्क त्या बाईला अद्याप नाही. रुग्णालयाचा खर्च भागविणाऱ्या सरकारी योजना आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण रुग्णालयाचे देयक ही एक गोष्ट आणि चुलीवरचे रिकामे भांडे ही दुसरी.

नगरशासनाच्या हाती काहीच नाही, असे मात्र समजू नये. जे कामगार शहराचेच काम करतात, त्यांच्यापुरता नियम ते करू शकते. मुंबईत कचरा वाहणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना महानगरपालिकेच्या कायम सेवेत घेण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. कायम सेवेबरोबरच रजेचा हक्क आला. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी अनेक वर्षे झिजवावी लागली. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. या बायका शहराचे काम करतात, शहराचा खर्च वाचवितात, हे संघटनेने हिशेबाने दाखवून दिले. आणि २००२-०३ साली पुणे महानगरपालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता स्वतः भरण्याचे मान्य केले. ज्यांना मालक नाही, अशांसाठीही वाटप करता येते, याचा हा दाखला. चिकनच्या व्यापाराला हे सुचणार नाही असे थोडेच आहे? प्रत्येक कुडत्यामागे काही पैसे बाजूला पडले, तर सुई धरणाऱ्या हाताला चार दिवस विसावा मिळणे अशक्य नाही.

वाचकहो, शेवटी एक गोष्ट घरातलीच. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भांडी घासायला, धुणे धुवायला, स्वयंपाकाला बाई येतात. १९८० साली पुण्यातील अशा बायकांनी संप केला होता, आणि पगारी रजा ही त्यांची एक मागणी होती. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण कोणत्याही निरीक्षकाची पावले आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीत. तेथे मालक आपण, महामंडळ आपण आणि कायदाही आपणच. बाई आजारी पडल्या की खाड्याचे पैसे कापायचे, की महिन्याला एक-दोन दिवस आजारपणाचे म्हणून आधीच ठरवून ठेवायचे, याचा निर्णय घेण्यास संसदेची बैठक लागत नाही. दोन्ही बाजूंनी बसून हे एकदा स्पष्ट ठरवावे, आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. ठरलेले असले म्हणजे मागणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला उपकाराचा गर्व होत नाही.

कानपूरच्या त्या उद्यानात १९५२ साली जे घडले, त्याचा अर्थ एवढाच होता की, एका माणसाचा ताप हा फक्त त्याचा एकट्याचा राहिला नाही. तेवढे आपल्या घरापुरते घडवून आणणे आपल्या हाती आहे. येत्या पहिल्या तारखेला पगाराचे पैसे मोजताना ही गोष्ट आठवली, तर या लेखाचे सार्थक झाले असे समजू.